तो अंगठा माझा नव्हता

मुलांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं मला हसलात. मी एवढंच सांगितलं होतं, की सात रस्त्याजवळच्या बँकेत हयातीच्या दाखल्यावरची माझी सही जुन्या सहीशी जुळेना, म्हणून तिथल्या बाईंनी शाईचा पॅड पुढे सरकवला आणि मी तो परत सरकवला. थोरला म्हणाला, "आजी, अंगठा लावून मोकळं व्हायचं की! त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं, ते लिहून ठेवते. हात आता कापतो. मला लिहिता येतंय आणि तुम्हाला मराठी वाचता येतंय, तोवर हे उरकलेलं बरं.

माझं लग्न झालं तेव्हा मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते. माहेर सोलापुरात, सासर मंद्रूपला. तुमचे आजोबा सैन्यात रेडिओ दुरुस्त करत. लग्नानंतर बारा दिवसांत ते परत गेले. मला त्यांच्याकडे जायचं, तर आधी मी त्यांची बायको आहे हे सैन्याच्या कागदावर चढायला हवं होतं. त्याशिवाय क्वार्टर नाही, दवाखान्याचं कार्ड नाही.

तो कागद आला तेव्हा मी घरी नव्हते. नव्या सुनेने पहिल्या आषाढात सासरी राहायचं नाही, म्हणून मला माहेरी धाडलं होतं. निरोप आला असता, तर पुढच्या एसटीने निघाले असते. पण थोरल्या दिरांनी स्वतःच फॉर्म भरला, लग्नातला आमचा जोडफोटो चिकटवला, सरपंचांचा शिक्का घेतला, आणि पत्नीच्या सहीच्या जागी माझ्या जावेचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, अंगठा उठवून पाकीट पोस्टात टाकलं. त्यांना यात वावगं काही वाटलं नाही. त्या घरातल्या बायका अंगठाच लावत आल्या होत्या. कुणाचा, हे कधी कुणी विचारलंच नव्हतं.

श्रावणात मी परतले, तेव्हा आजोबांचं जाडजूड पत्र आलेलं होतं. क्वार्टर मंजूर झालं होतं, महिन्याभरात ताबा घ्यायचा होता. सोबत त्या फॉर्मची प्रत. माझा फोटो, माझं नाव, शिक्षणाच्या रकान्यात 'निरक्षर', आणि खाली एक जांभळा अंगठा.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

जाऊ भाकरी थापत होती. "माजाच की. तू न्हवतीस हितं, आन् आखाडात सुनंला बलवायचं न्हाय. का गं, नीट उठला न्हाय व्हय?"

सासूबाई जात्यापाशी बसून डाळ निवडत होत्या. "अंगटा काय अन् सई काय, कागदाला कळतंय व्हय? नवऱ्याकडं जायचं हाय न्हवं तुला?"

जायचं होतं. फार जायचं होतं. पण त्या कागदाच्या आधाराने गेले असते, तर दवाखान्यात, रेशनच्या रांगेत, क्वार्टरच्या चाव्या घेताना, जन्मभर मला जावेचा अंगठा चालवावा लागला असता. तिथल्या शाळेत शिकवायचं मी मनात धरलं होतं. निरक्षर बाईला शाळेत कोण घेणार?

दुसऱ्या दिवशी मी एकटीच सोलापूरला, सैनिकांचे कागद बघणाऱ्या कार्यालयात गेले. तिथे एक निवृत्त हवालदार बसत. त्यांनी प्रत पाहिली, मग मला पाहिलं.

"वहिनी, हे बदलायचं म्हणजे सगळं पहिल्यापासून. कोर्टाचं प्रतिज्ञापत्र, साक्षीदार, शाळा-कॉलेजचे दाखले. तोवर क्वार्टर दुसऱ्याला जाईल. माझं ऐका, तिथं अंगठाच लावत चला. कोण बघतंय?"

"मी बघते ना," मी म्हटलं.

घरी वादळ झालं. थोरले दीर अंगणात येरझाऱ्या घालत मोठ्याने भिंतीला सांगू लागले, "शिकल्याली सून आनली! आता थोरल्यालाच कोर्टात हुबा करती!" आजोबांचंही पत्र आलं. लोक क्वार्टरसाठी दोन-दोन वर्षं थांबतात, तू गुपचूप ये, कागदाचं नंतर बघू. मी उलट टपाली एका ओळीत कळवलं: येईन ती सही करून येईन.

प्रतिज्ञापत्राचा मजकूर मी स्वतः इंग्रजीत लिहिला. अंगठा माझा नाही, माझ्या गैरहजेरीत घरच्यांनी घाईने लावला, फसवण्याचा हेतू नव्हता. दिरांना वाचवायला तेवढं पुरेसं होतं, आणि ते खरंही होतं. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टने शेवटी सवयीने आणखी एक ओळ ठोकली: मजकूर सदर बाईस वाचून दाखवला व समजावून सांगितला. मी त्याला अख्खं पान पुन्हा टाइप करायला लावलं. तो म्हणाला, "सगळ्या बायांच्या कागदावर असतं ते." मी म्हटलं, "म्हणूनच काढा."

साक्षीला कोण येणार? जाऊ आली. नवऱ्याला न विचारता. एसटीत ती माझी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती. कोर्टाच्या पायऱ्यांवर हळूच म्हणाली, "माजा अंगटा परत द्येतील का गं?"

"तो नाही मिळायचा, अक्का. पण आज दुसरा लाव. तुझ्या नावापुढे."

"माज्या?" ती म्हणाली. पदराला अंगठा पुसला आणि आत शिरली.

क्वार्टर गेलंच. मी आठ महिने मंद्रूपला राहिले. आठवडी बाजारात बायका विचारायच्या, "आजून हितंच व्हय, मास्तरीनबाई?" तिकडे साहेबांनी आजोबांना चांगलं झापलं होतं, त्या रागात त्यांनी दोन महिने पत्र टाकलं नाही. त्या दिवसांत मी रडलेसुद्धा, हेही लिहिते. पण कागद परत घेतला नाही.

शेवटी दुरुस्त झालेला कागद आला आणि नंतर दुसरं क्वार्टरही. आजोबा स्टेशनवर आले, माझी ट्रंक उचलली, आणि चालू लागले.

"झाली का सही?" त्यांनी विचारलं.

"झाली."

"मग आता चाव्यांच्या वहीतपण तूच कर. माझं अक्षर घाण आहे."

चाव्या मी सही करून घेतल्या. त्यानंतर नऊ गावं बदलली, नऊ वेळा चाव्या घेतल्या आणि परत केल्या. चार शाळांत शिकवलं. त्या आठ महिन्यांबद्दल मी आजोबांची माफी कधी मागितली नाही, त्यांनीही माझी मागितली नाही.

तर त्या दिवशी बँकेत मी खुर्ची ओढून बसले आणि कोऱ्या कागदावर सह्या करत राहिले. सातवी सही बाईंनी मान्य केली. मागच्या रांगेत लोक कुरकुरत होते. कुरकुरू देत.

जाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. तिचा धड एक फोटोही कुणाकडे नाही. माझ्या कपाटात वरून दुसऱ्या कप्प्यात निळी फाइल आहे, तिच्यात त्या प्रतिज्ञापत्राची प्रत आहे. खाली माझी सही आहे, आणि साक्षीदार म्हणून तिच्या नावापुढे तिचा अंगठा.