आईच्या पायाचं माप

माझे बाबा शिंपी. पाहुण्याची बाही उसवलेली दिसली, तर चहाच्या आधी सुई बाहेर काढतील. कुणाच्या अंगावर सैल कपडा म्हणजे त्यांच्या जिवाला घोर.

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून घरी एक पंप दिला. दोन्ही पोटऱ्यांना पट्टे बांधायचे, नळीतून त्यांत हवा भरते, पाय दाबला जातो, हवा सुटते. पंप नीट चालला नाही तर पुन्हा दवाखान्यात ठेवावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आईनं त्याचीच धास्ती घेतली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी यंत्र कोकलायला लागलं. डावीकडे दाब कमी असल्याचा दिवा लागला. नळी निसटली नव्हती, मुरगळलीही नव्हती. पट्टा घट्ट बांधला, तरी रडगाणं चालूच. माझं डोकं फिरलं. मी दवाखान्यातल्या नर्सताईंना फोन लावला. अलार्म नुसता गप्प करू नका, म्हणाल्या, दोन्ही नळ्यांची अदलाबदल करून बघा. केली, तर आता उजवीकडचा दिवा पेटला. म्हणजे पंप ठणठणीत, दोष डाव्या पायाच्या पट्ट्यात. तो काढून उलटा केला, तर कडेनं बारीक, एकसारखी, सुबक शिवण.

मी बाबांकडे बघितलं. ते चष्मा पुसत होते.

"तिचा पाय फार वाळलाय गं. पट्टा गरागरा फिरत होता, म्हणून जरासा आत घेतला."

सुईनं आतल्या हवेच्या पिशवीची चाळण झाली होती. अस्सा राग आला होता! पण त्यांचं तोंड इतकंसं झालेलं बघून चार शब्द गिळले.

नर्सताईंनी डॉक्टरांना विचारून कळवलं: लहान मापाचा पट्टा उद्या दुपारी येईल, तोवर दर तासाला दहा वेळा पाऊल वरखाली करायचं, सूज आली किंवा दुखलं तर लगेच निघायचं. बाबा पलंगाशी स्टूल घेऊन बसले. तासाच्या ठोक्याला आईचं पाऊल तळहातावर घेऊन, पुटपुटत मोजत हलवायचे. दवाखान्यात आई ते स्वतःच करायची. मी तसं सांगायला गेले, तर तिनं डोळे वटारले.

दुसऱ्या दिवशी नर्सताई पट्टा घेऊन आल्या. दाब नीट भरला, यंत्र बिनबोभाट चालू झालं. पाय छान आहे, आता दवाखाना नको, असं त्या तपासून म्हणाल्या, आणि मला रडूच फुटलं. बाबा स्टूल उचलायला उठले.

"बसा हो," आई म्हणाली. "यंत्र आपलं काम करील. तुम्ही तुमचं करा."