शलमोनदादाचा मध

संगमनेरच्या अलीकडे आमच्या वाडीत शलमोनदादा मधमाश्यांच्या पेट्या ठेवतो. आमच्या चर्चच्या मंडळीतला सगळ्यात सरळ माणूस. मधात साखर घालणं त्याला जमायचंच नाही, हे मी देवासमोर सांगेन. पण त्याचा मध प्रयोगशाळेतून नापास होऊन आला. म्हणे उसाची साखर निघाली.

खरेदीदार फोनवर म्हणाला, "काका, केस पिकले, आता तरी देवाला भ्या."

दादा तपासणी करणाऱ्या सुरेखाताईंकडे गेला. मीही सोबत होते. त्यांनी शांतपणे समजावलं. कार्बनच्या अणूच्या गाभ्यात बहुधा सहा प्रोटॉन आणि सहा न्यूट्रॉन असतात. एखाद्यात न्यूट्रॉन एक जादा. कार्बन तोच, फक्त जरा जड. उसाच्या साखरेत हे जड अणू फुलांच्या रसापेक्षा थोडे जास्त. मध जाळून त्याचा वायू करतात, कणांना विजेचा भार देतात आणि चुंबकाजवळून पळवतात. वळणावर रिकामा टेम्पो झटकन वळतो, उसाची भरली ट्रॉली लांबून वळते, तसंच. हलके किती, जड किती, हे वेगवेगळं मोजता येतं.

"मग यंत्र खोटं बोलतंय का?" दादानं विचारलं.

"नाही, काका."

"मी बी न्हाई."

ताईंनी विचारलं, "पेट्यांजवळ काय आहे?"

दादाचा चेहरा उतरला. अवकाळी पावसानं बियाण्याच्या कांद्याची फुलं झोडपून काढली, तेव्हा त्यानंच पेट्या शेजारच्या बन्सीच्या विहिरीकडेला नेल्या होत्या. निदान पाणी तरी मिळेल म्हणून. पलीकडच्या बांधावर बन्सीचं गुऱ्हाळ.

परत येऊन पाहिलं, तर काकवीच्या पिंपांवर त्याच्याच माश्या घोंगावत होत्या.

"बन्सी, झाक की रं हे."

"रस झाकू, का चिपाडं, का काकवी? माश्यांना चर्चात बसव तुझ्या, शहाण्या व्हतील!" बन्सी हसला.

नमुना पुन्हा द्यायचा होता. तोही असाच निघाला तर मध कोणी घेणार नाही, आणि लबाड हे नाव मरेपर्यंत सुटणार नाही. पेट्या हलवायच्या तर कुठे? चहूकडे ऊसच.

संध्याकाळी माश्या परतल्यावर दादानं पेट्यांची दारं जाळीनं बंद केली. देवाकडे काय मागावं, मला सुचेना.

दुसऱ्या दिवशी ऊन चढलं तसा पेट्यांतला आवाज वाढला. माश्या जाळीला चिकटून तडफडू लागल्या. दादाची बायको मरिया रडकुंडीला आली. "अवो, जीव हायेत ते. नावापायी मारता व्हय?"

दादा उठला आणि एकेक जाळी काढली. माश्या दारात अडखळल्या, उजेडात आल्या आणि थेट गुऱ्हाळाकडे निघाल्या.

"जावा," दादा म्हणाला. "खावा."