पॅच परत आला तरी

“सर, पहिले विशेषणं काढा,” मॅडम म्हणायच्या आणि माझं वाक्य खोडायच्या.

खांडबाऱ्याच्या आमच्या शाळेत मी गणित शिकवायचो, त्या संगणक. मूळच्या शहाद्याच्या. लॅबमध्ये बारा जुनी मशीनं होती, सगळी लिनक्सवर चालणारी. लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल. जगभरातले लोक त्यात सुधारणा करून ईमेलने पाठवतात, त्याला पॅच म्हणतात. जाणकार तो चारचौघांत तपासतात.

एकदा कुणीतरी पॅच पाठवला: अमुक नेटवर्क कार्ड चालवणारा कोड, म्हणजे त्याचा ड्रायव्हर, कर्नलमधून काढून टाकू, हे कार्ड आता कुणीच वापरत नाही.

आमच्या बाराही मशीनमध्ये तेच कार्ड होतं.

मी तावातावाने उत्तर लिहून दिलं. मॅडमनी ते सगळं पुसलं. “राग मन्हा बी शे सर, पण पत्रमा नही.” मग त्यांनी लिहिलं: आम्ही वापरतो. बारा मशीनं, रोज. चाचणीची नोंद खाली आहे.

तिकडून एकाने ईमेलवर सुचवलं, नवी कार्डं घ्या. आमचे मुख्याध्यापकही तेच म्हणाले, “कशाला भांडता मॅडम?”

“भांडी नही ऱ्हायनू. उत्तर दी ऱ्हायनू.”

उत्तर देण्याचीही त्यांची शिस्त होती. समोरच्याची ओळ तशीच ठेवायची, त्याखाली आपलं म्हणणं. एकही मुद्दा गाळायचा नाही.

शेवटी जाणकारांनी विचारलं, ड्रायव्हरमध्ये जुना दोष आहे, तो कोण काढणार? मॅडमनी पॅच पाठवला. परत आला: एका पॅचमध्ये दोन बदल नकोत. त्यांनी वेगळे केले. पुन्हा परत: काय बदललं ते लिहिलंय, का ते नाही. त्यांनी आभार मानून तेही लिहिलं. तिसऱ्या खेपेला त्या जाणकारांतल्या एका मोठ्या माणसाने भलताच बदल सांगितला. स्टाफरूममध्ये सगळे म्हणाले, करून टाका, सुटाल. मॅडमनी तो करून पाहिला आणि कळवलं: याने मशीन बंद पडतं, नोंद खाली आहे, म्हणून करणार नाही.

आठ दिवस कुणाचं उत्तर नाही. मॅडम डबाही नीट खात नव्हत्या. नवव्या दिवशी त्याच माणसाने लिहिलं, तुमचं बरोबर आहे. पॅच घेतला गेला, ड्रायव्हर राहिला. तो सांभाळणारी म्हणून कर्नलच्या यादीत मॅडमचं नाव लागलं. पुढे नवख्यांचे पॅच त्यांच्याकडे यायचे, ते त्या आमच्याच मशीनवर चालवून बघायच्या. ‘तू चुकलास’ असं त्यांनी कधी लिहिलं नाही; ‘ही ओळ चुकते’ एवढंच.

मग शाळेत नवी मशीनं आली आणि मॅडमचं कंत्राट संपलं. जाताना त्यांनी एकच वस्तू मागितली, ते कार्ड असलेलं एक जुनं मशीन.

मी बसपर्यंत गेलो. कंडक्टर म्हणाला, “मॅडम, डिकीमा ठेवा ना.”

“नही भाऊ. येनी उद्या परीक्षा शे.”

बस हलली. मी हात केला, पण त्यांचे दोन्ही हात मांडीवरच्या त्या मशीनभोवती घट्ट होते.