सगळ्यांना सारखा नियम

चौथ्या मजल्यावरच्या लेलेकाकू जिन्यात बसलेल्या दिसल्या. वय अठ्ठ्याहत्तर, घरात एकट्या. मास्कआड धापा टाकत होत्या आणि शेजारी कणीक-तांदळाची जड पिशवी होती. महामारीत वाणी आठवड्यातून एकदाच सामान पोचवायचा, तेही गेटपर्यंत. बाहेरच्या माणसाला वर सोडायचं नाही, असा आमच्या सोसायटीचा ठराव होता. लिफ्ट नाहीच.

मी पिशवी उचलली आणि खाली उभ्या असलेल्या सेक्रेटरींवर ओरडलो, "काकूंचं सामान तरी वर येऊ द्या ना!"

"नियम सगळ्यांना सारखा," ते म्हणाले. त्यांचं घर तळमजल्यावर.

माझं डोकंच फिरलं. कसला सारखा? रोगाची भीती मलाही होती, पण सगळ्यांच्या भीतीचं ओझं या दोन गुडघ्यांनी का वाहायचं? त्या ठरावावर माझीही सही होती, याचा संताप तर आणखीच.

मी तरातरा खाली निघालो, तशी काकूंनी माझी बाही धरली.

"भांडू नकोस रे," त्या हळूच म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात मला परत यांच्याच गेटवरून सामान घ्यायचं आहे."