हो, नाही पाहिलं

हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या त्या लाँड्रीत सगळे त्यांना मामा म्हणत. सव्वीस वर्षं ते रोलरच्या मशीनवर उभे होते. ओली चादर एका बाजूने सारायची, दुसऱ्या बाजूने ती कडक, गरम होऊन बाहेर यायची. बोटांची टोकं इतकी निबर झाली होती की चहाचा कप उकळता असला तरी ते सहज उचलत. बायको म्हणायची, "तुमच्या हाताला आता चटका कळत नाही, आणि डोक्याला टोमणा."

मामा ज्या देशात येऊन राहिले होते, तिथली भाषा फ्रेंच. मामांना ती कामापुरती येत होती, आणि येते याचा त्यांना जरा गर्वही होता. वाचनालयात संध्याकाळी फुकट वर्ग भरत, तिथे ते दोन हिवाळे गेले. शिकवणाऱ्या बाई साठीच्या, सावकाश बोलणाऱ्या. वर्तमानकाळ मामांनी झटकन उचलला. चादर ओली आहे, मशीन तापलंय, गाडी येतेय. लाँड्रीत आणखी काय लागतं? भूतकाळ सुरू झाला तेव्हा त्यांनी नियम वहीत उतरवून घेतले आणि वर्ग सोडला. "झालं गेलं त्याबद्दल बोलायला आपण काय कीर्तनकार आहोत?" असं म्हणून वही कपाटावर टाकली.

मशीनच्या दुसऱ्या टोकाला चादरींच्या घड्या घालायला एक बाई होत्या. मामांच्या भाषेतल्या तेवढ्या एकट्याच. मामा त्यांना ताई म्हणत, त्या मामांना मामा. दिवसभराच्या घरघरीत दोघांचं मराठी ओरडूनच व्हायचं, त्यामुळे बाकीच्यांना वाटे, यांचं सदा भांडणच चाललेलं असतं.

एका सोमवारी गुंतलेली चादर सोडवताना ताईंचा उजवा हात रोलरमध्ये ओढला गेला. रोलरपुढे जाळी असते, ती नव्हती. शनिवारी मेकॅनिकने साफसफाईला काढली होती आणि परत बसवली नव्हती. मामा सकाळी आले तेव्हाच त्यांनी ती भिंतीला टेकवलेली पाहिली होती. पण सुपरवायझरने लिहून दिलं की काम भराभर उरकावं म्हणून ताईंनी स्वतःच जाळी काढली.

आठवड्याभराने मामांना कामगार कार्यालयात जबाबासाठी बोलावणं आलं. टेबलामागच्या कारकुनाने आधी विचारलं, दुभाषी हवा का? मामा म्हणाले, नको, मला येते भाषा. कारकून मान न वर करता टाइप करत होता. दोन-चार सोपे प्रश्न झाले. जाळी सकाळी कुठे होती हे त्याने विचारलं नाही, आणि न विचारलेलं भूतकाळात सांगणं मामांना जमणारं नव्हतं. मग त्याने विचारलं, "त्यांना जाळी काढताना तुम्ही पाहिलं नाही?"

आपल्याकडे अशा प्रश्नाला माणूस काय म्हणतो? "हो, नाही पाहिलं." मामाही तेच म्हणाले. "वी," म्हणाले, म्हणजे हो. मग भूतकाळ आला, शब्द एकेक करून गोळा करावे लागले. "ज ले व्यू..." म्हणजे मी त्यांना पाहिलं, आणि थोडं थांबून, शेवटी, "पा." पा म्हणजे नाही. पण तोवर कारकुनाची बोटं "हो, पाहिलं" एवढ्यावर थांबून पुढच्या प्रश्नाकडे वळली होती.

शेवटी त्याने जबाब भरभर वाचून दाखवला. मामांना जाळी ऐकू आली, ताईंचं नाव ऐकू आलं, पाहिलं ऐकू आलं. शब्द सगळे त्यांचेच होते. त्यांनी सही केली, आणि ताईंसाठी काहीतरी केलं या समाधानात घरी येऊन पोटभर जेवले.

नक्कल टपालाने आली तेव्हा ती घेऊन ते वाचनालयात बाईंकडे गेले. बाईंनी कागद दोनदा वाचला.

"यात तर लिहिलंय, तुम्ही पाहिलं."

"मी नाही म्हणालो होतो, बाई. शेवटी."

बाईंनी चष्मा काढला. "भूतकाळात आमचा नकार शेवटी येत नाही हो. पाहिलं म्हणायच्या आधीच तो दोन्हीकडून यावा लागतो. ज न ले पा व्यू. आणि आधीचं ते हो... तिथेही नाहीच म्हणायचं होतं, नों."

"आमच्यात शेवटपर्यंत ऐकून घेतात," मामा म्हणाले.

त्यांनी बाईंसमोर बसून अर्ज लिहिला, जाळी सकाळीच भिंतीला टेकवलेली होती हेही त्यात घातलं. 'नाही पाहिलं' हे एक वाक्य शुद्ध येईपर्यंत पाच कागद फाडले. अर्ज घेऊन कार्यालयात तीनदा खेटे घातले. पहिल्यांदा तो कारकून रजेवर होता, दुसऱ्यांदा खिडकी बदलली होती, तिसऱ्यांदा अर्ज घेतला आणि शिक्का मारला. दीड महिन्याने उत्तर आलं. साक्षीदाराचे दोन जबाब एकमेकांशी जुळत नाहीत. पहिला घटनेनंतर लगेच दिलेला आहे, म्हणून तोच धरला जाईल.

ताईंची नोकरी गेली. चूक त्यांचीच ठरली.

मामा बायकोला घेऊन त्यांच्याकडे गेले. एका खोलीचं घर, सामान निम्मं बांधलेलं. दुसऱ्या शहरात थोरल्या बहिणीकडे जायचं ठरलं होतं. उजव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती, म्हणून ताई डाव्या हाताने दोरी आवळत होत्या. बायकोने दोरीचं दुसरं टोक धरलं.

"मामा, तुम्ही हो का म्हणालात, एवढं मला सांगा," ताई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि तेच मामांना सोसवेना.

त्यांनी सगळं सांगितलं. प्रश्न कसा होता, उत्तर कसं दिलं, पा कुठे पडला.

ताईंनी दोरीला आणखी एक वेढा दिला. मग म्हणाल्या, "मला विचारलं असतं तर मीही हेच म्हटलं असतं."

मामांना वाटलं, त्यांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी गाठोडं दारापर्यंत नेऊन ठेवलं. आणखी काही न्यायचं आहे का विचारलं. काही नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ताईंच्या जागी नवी बाई आली. तिची भाषा मामांना येत नव्हती, मामांची तिला येत नव्हती. जाळी आता पक्क्या स्क्रूंनी बसवलेली होती. मामांनी ती हाताने हलवून दाखवली, नवी बाई हसली, आणि त्यांनी पहिली चादर आत सारली.