आईचं विरजण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आईचं विरजण माझ्या हातून मेलं, आणि ते लपवायला मी तिच्याशी खोटं बोललो.

डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत दही कधी विकत आलं नाही. लग्न होऊन कळव्याहून येताना आईने वाटीभर दही आणलेलं. त्याच्याच वंशातलं चमचाभर रोज नव्या दुधात जायचं. थंडीत ती पातेलं जुन्या टॉवेलात गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवायची. दही आंबटसर, जरा तार सुटणारं. तशी चव मला पुन्हा मिळाली नाही. शेजारणी इडलीचं पीठ वाटीत घेऊन यायच्या, आंबलंय की नासलंय ते विचारायला. आई जिभेच्या टोकाला लावून निकाल द्यायची. त्यावर वाद नसे.

पुढे मी एका डेअरीत लागलो, दह्याच्याच विभागात. तिथे विरजण पाकिटातून येतं, निवडक जिवाणूंची पावडर. दही रोज एकसारखं, गोडसर, लवकर आंबट न होणारं. आई म्हणायची, तुमच्या दह्याला स्वभावच नाही.

मग तिला टायफॉइड झाला. बायको बाळंतपणाला माहेरी. दवाखान्यातून आई रोज एवढंच विचारायची, विरजण लावतोस ना? ती घरी यायच्या आदल्या संध्याकाळी मी घाईत उकळतं दूध उरल्यासुरल्या दह्यावर ओतलं. सगळं फाटलं. एवढ्या उष्णतेत जिवाणू मरतात, हे नव्या पोरांना मीच शिकवायचो. खालच्या काकूंकडे आईचंच विरजण चालायचं, म्हणून धावत गेलो.

"दिवेलागणीनंतर विरजण देत नाहीत रे. सकाळी ये."

सकाळी तर आई येणार होती. डेअरीतली पावडर घरात होती, तीच चिमूटभर नव्या दुधात घातली.

सुरीने कापावं असं दही लागलं. आईने भातावर घेतलं, एक घास खाल्ला आणि थांबली.

"हे माझं दही नाही."

"तुझंच आहे गं. औषधांनी तोंडाची चव गेलीय तुझ्या."

तिने पुढचा घास कालवला. "असेल. तू त्यातला, तुला कळणार."

दुसऱ्या दिवशी काकूंकडून विरजण आणता आलं असतं. पण मग दह्याची जुनी चव परत आली असती आणि मी पकडला गेलो असतो. नाही आणलं. पीठ घेऊन येणाऱ्या बायकांना आई परत पाठवू लागली. आमटीचं मीठसुद्धा सुनेला विचारून घालायची. पुढे काकू घर विकून गेल्या, आम्हीही घोडबंदर रोडला आलो.

परवा मुलीने डोशाचं पीठ आजीपुढे धरलं. आजी म्हणाली, "बाबाला विचार. माझ्या तोंडाची चव कधीच गेली."

मी चमचा हातात घेतला आणि पीठ आंबलंय म्हणून सांगितलं.

आईची जीभ तेव्हाही बरोबर होती. हे तिला सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.