हळद खाल्लेल्या अळ्या

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी माझा प्रबंध एका दाव्यावर उभा होता: डासाच्या अळीच्या आतड्याचा पुढचा भाग इतका अल्कधर्मी असतो, की आपल्या जठरातली पाचक विकरे तिथे निकामी ठरावीत, अळीची विकरे मात्र तिथेच जोमाने काम करतात. मार्गदर्शक सरांनी बजावले होते, "सोमवारी हा सामू डोळ्यांना दिसला पाहिजे, नाहीतर विषय बदला." विषय बदलणे म्हणजे वर्ष वाया.

प्रयोगशाळेतला दर्शक रंग संपला होता. उपाय आईने सुचवला. पातळावरचा हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, हे तिला माझ्या पाठ्यपुस्तकांच्या आधीपासून ठाऊक होते. साबण अल्कधर्मी; तेव्हा अळ्यांना हळद चारावी आणि ती कुठे लाल होते ते पाहावे. रविवारी सकाळी कामतघरच्या आमच्या खोलीत मी पाळलेल्या अळ्यांची बरणी उघडली, तर त्यांचे डास झालेले. माझ्याआधी त्याच पदवी घेऊन उडाल्या.

भिवंडीत डासांच्या अळ्या मिळणार नाहीत, ही शक्यता मी विचारातच घेतली नव्हती. शेजारच्या लूमच्या कारखान्यात सूत तुटू नये म्हणून जमिनीवर पाणी शिंपडत, त्यासाठी पिंपे भरलेली असत. काम गंभीर वाटावे म्हणून मी प्रयोगशाळेचा पांढरा कोट चढवला आणि ड्रॉपर घेऊन दारात उभी राहिले.

"आपके यहाँ पानी में मच्छर के कीड़े हैं?"

मुकादमाने कोट पाहिला आणि मी नगरपालिकेची, हे ठरवून टाकले. "मच्छर? कसम से मॅडम, एक नहीं," तो कोपर खाजवत म्हणाला. मागे दोन कामगारांनी पिंप आडवे केलेच होते. माझे संशोधन गटारात निघाले.

तेवढ्यात आई धावत आली. "अहो भाऊ, ओतू नका! दंड नाही, मुलीची परीक्षा है!"

"परीक्षा? तो पहले बोलना था!" मुकादम स्वतः दुसऱ्या पिंपात वाकला आणि चहाचा ग्लास भरून वर आला. "ये लो, मोटे-मोटे."

सोमवारी सरांनी सूक्ष्मदर्शकात बराच वेळ पाहिले. आतडे पुढे लालसर, मागे पिवळे.

"हळद?"

"हो, सर."

"लिहायला घ्या."

संध्याकाळी मुकादमाने मला रस्त्यातच अडवले. "मॅडम, हमारे वाले पास हुए?"

मी हो म्हटले. डास नसलेल्या त्या कारखान्याकडे वळून तो लूमच्या खडखडाटावर ओरडला, "पास हो गए!"